तपासणीची तयारी

माझे वडील सैन्यात होते. आम्ही त्यांना आबा म्हणतो. निवृत्त होऊन ते उंब्रजजवळच्या आमच्या गावी आले तेव्हा मी तिसरीत होतो. त्यांनी सोबत एक काळी पत्र्याची पेटी, एक ब्लँकेट आणि बऱ्याच गोष्टी आणल्या. त्यातली एक गोष्ट ते अजूनही सांगतात. मोठे साहेब तपासणीला आले होते. जवान रांगेत उभे. साहेबांनी विचारलं, "कोई तकलीफ?" सगळे म्हणाले, "नहीं साब." आबांच्या शेजारच्या जवानाला फणफणून ताप होता. तोही तेच म्हणाला. साहेबांची गाडी फाटकाबाहेर गेली आणि तो गडी जागेवर कोसळला.

"पडला," आबा म्हणतात, "पण सायेब गेल्यावर पडला."

ही गोष्ट ते अभिमानानं सांगतात आणि आम्ही भावंडंही ती अभिमानानंच ऐकत मोठे झालो. शाळेत तपासणीला केंद्रप्रमुख येणार असले की गुरुजी मला पहिल्या रांगेत बसवायचे. मी हात वर करायचो, उभा राहायचो, उत्तर द्यायचो. त्या शाळेमुळे मी कॉलेजात गेलो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी पदवीधर झालं नव्हतं. वसतिगृहातली जागा, फीमाफी, नंतर विश्रामबागच्या कॉलेजातली प्रयोगशाळेतली नोकरी, हे सगळं मला गुण मिळाले म्हणून मिळालं. ज्यांनी दिलं त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही. आजही गुरुजी रस्त्यात दिसले तर मी वाकून नमस्कार करतो.

पण त्याच शिकवणीनं माझ्या घरात जे केलं, ते मला लिहून ठेवायचं आहे.

मला एक मुलगी आहे. घरी आम्ही तिला नुसतं बाय म्हणतो. हे घडलं तेव्हा ती दहा वर्षांची होती. तिचं सगळंच उशिरा झालं. चालणं उशिरा, बोलणं त्याहून उशिरा, आणि बोलणंही मोजकं. तिच्या बुद्धीची वाढ वयाप्रमाणे झाली नाही, एवढं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिला चपला जोडीनं लावायला आवडतं. आम्ही राहतो त्या इमारतीत ती मजल्यावरच्या सगळ्या दारांपुढच्या चपला नीट लावून येते. त्यात तिची कधी चूक होत नाही. हा चांगला दिवस. वाईट दिवशी ती अंग टाकते. रस्ता असो, जिना असो, आहे तिथं जमिनीवर पसरते, स्वतःचं मनगट चावते, कपडे खराब करते. मग तिला उचलावं लागतं. ते काम दहा वर्षं तिच्या आईनं केलं. मी कॉलेजात असायचो.

तिची आई म्हणजे माझी बायको जत तालुक्यातली, दहावी शिकलेली. त्या वर्षी तिचा रक्तस्राव थांबेना. डॉक्टर बाईंनी सोनोग्राफी बघून सांगितलं, गर्भपिशवी काढावी लागेल, आणि नंतर सहा आठवडे काहीही जड उचलायचं नाही.

"सा आठवडं?" बायको हसली. "आन पोरीला काय खुंटीला टांगू?"

"कुणाकडे तरी ठेवा," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचंही बरोबर होतं.

पण हे कुणीतरी सापडेना. माझी बहीण आली होती, चार दिवस राहते म्हणून. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं नवऱ्याला फोन केला आणि दुपारच्या एसटीनं निघून गेली. सासूबाई गावाकडे. त्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेले सासरे आणि दारात मेंढरं. गावाला टँकर आला की हंडे भरायलाही दुसरं माणूस नाही. आबांचं वय झालं. ते बायला शिस्त लावू शकत होते, न्हाऊ घालू शकत नव्हते.

म्हणून मी विचारत फिरलो. शिकलेला माणूस आहे, विचारायला लाजायचं नाही असं ठरवलं. अशा मुलांच्या आई-बापांसाठी काय काय आहे याची माहिती माझ्याकडे एका फाइलभर जमली. योजनांची पत्रकं होती. त्यावर हसऱ्या मुलाचं चित्र होतं. एक फोन क्रमांक होता, तो लावला की गाणं वाजायचं. मग एक पालक मेळावा झाला. पाहुण्यांनी भाषणात सांगितलं की देव अशी मुलं निवडक आई-बापांच्याच पदरात घालतो. टाळ्या झाल्या. आम्हा प्रत्येक जोडप्याला स्टेजवर बोलावून शाल आणि नारळ दिला. मी पाहुण्यांना वाकून नमस्कार केला.

घरी आल्यावर बायकोनं नारळ ओट्यावर ठेवला. म्हणाली, "मला सा आठवडं पायजे हुतं. नारळ दिला."

दुसऱ्या दिवशी तिनं त्याची चटणी केली. शाल बायला पांघरायला झाली.

शेवटी शहराबाहेरच्या एका विशेष शाळेचा पत्ता मिळाला. तिथे मुलांच्या राहण्याची सोय होती. मुख्याध्यापिका बाई साध्या होत्या, गोड बोलल्या नाहीत, त्यामुळे मला त्यांचा विश्वास वाटला. दिवाळीनंतर एक जागा रिकामी होणार होती. "आम्ही घेऊ तिला," त्या म्हणाल्या. "पण सरकारी प्रमाणपत्र लागेल. निदान चाळीस टक्के अपंगत्व त्यावर असायला पाहिजे. त्याखाली असेल तर मला नियमानं घेता येणार नाही."

मी त्याच दिवशी अर्ज भरला. महिन्याभरानं तपासणीचं शिबिर होतं. त्या कागदावर बायकोचं ऑपरेशन अवलंबून होतं, हे मला पूर्ण कळलेलं होतं. मला नियम माहीत नव्हता असं कुणी म्हणू नये. मी तो वाचला होता, खाली रेघ मारली होती.

आणि तरी मी गावी फोन करून आबांना सांगितलं, "बायची तपासणी हाय."

आबा दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन हजर झाले. तपासणी या शब्दाला आमच्या घरात एकच अर्थ होता. त्यांनी बायचे केस कापून आणले, नखं काढली, बुटांना पॉलिश केलं आणि रोज संध्याकाळी तिला भिंतीपाशी उभी करून तयारी घ्यायला सुरुवात केली.

"सावधान! नाव काय?"

बाय नाव सांगायची.

"बापाचं नाव? गाव? हाताला बोटं किती? हा रंग कंचा?"

उत्तर बरोबर आलं की शेंगदाण्याच्या चिक्कीचा तुकडा. चिक्कीसाठी बाय काहीही करील. पहिल्या आठवड्यात तिला दोन उत्तरं यायची, महिना संपता संपता आठ-नऊ यायला लागली. मीही कॉलेजातून आलो की तयारी घ्यायचो. तिला लाल-पिवळं ओळखायला लावायचो, ठोकळे रचायला लावायचो. खरं सांगतो, ते दिवस फार आनंदाचे होते. मला वाटायचं, अरे, हिला येतं की. आपणच कधी शिकवलं नाही.

बायको भाकरी थापता थापता बघत असायची. एकदा म्हणाली, "आवं, हे कशापायी चाललंय? तिला काय येत न्हाई ते बघाया बोलावलंय न्हवं?"

"तुला कळत नाही," मी म्हणालो. "डॉक्टर लोक असतात. पोरगी नीट दिसली, नीट वागली, तर ते आपल्याकडे नीट बघतात."

"सूनबाई," आबा म्हणाले, "सायबापुढं घरचं रडगाणं गायचं नसतं."

"मी कुठं गातीया," ती म्हणाली.

मी तेव्हा काय विचार करत होतो ते नीट सांगणं मला अजून जमत नाही. माझ्या आयुष्यात कुणी मला मदत केली ती मी चांगलं करून दाखवल्यावर. वाईट करून दाखवल्यावर मदत मिळते, हे मी वाचलं होतं पण ते अंगात उतरलं नव्हतं. आणि दुसरंही एक होतं. परक्या माणसाने माझ्या मुलीला वेडी समजू नये, अशी माझी इच्छा होती. निदान एक दिवस.

शिबिर एका शाळेच्या इमारतीत होतं. सकाळपासून रांग. आमच्या मागे एक पन्नाशीच्या बाई होत्या, बरोबर त्यांचा मोठा मुलगा, त्याच्या मनगटाला ओढणी बांधून तिचं दुसरं टोक त्यांनी स्वतःच्या हाताला बांधलेलं. आबा बायकडून रांगेतही उजळणी करून घेत होते. त्या बाई बराच वेळ ऐकत होत्या.

"लय हुशार हाय की वो तुमची पोरगी," त्या म्हणाल्या.

"महिनाभर मेहनत घेतलीया," आबा म्हणाले.

"घेतलीसा खरी," बाई म्हणाल्या. "आजच्या दिस जरा कमी हुशार असती तर बरं झालं असतं." मग माझ्या बायकोकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "आत इचारलं तर चांगल्या दिसाचं सांगू नगंस. वायटातल्या वायट दिसाचं सांग. मी पयल्या खेपेला चुकले हुते."

मला राग आला. मी म्हणालो, "आम्ही खोटं बोलत नाही."

"मी तरी कुठं खोटं बोला म्हणाले?" त्या म्हणाल्या. "वायट दिस काय खोटा असतो व्हय?"

तेवढ्यात आमचा नंबर आला.

आत एक तरुण मॅडम होत्या, मानसशास्त्राच्या. डोळे थकलेले, टेबलावर अर्जांचा गठ्ठा. बायनं नमस्कार केला. नाव सांगितलं. बोटं मोजली, ठोकळे रचले, चित्रातली गाय दाखवली. तिच्या आयुष्यात तिचं इतकं सगळं एका दमात बरोबर कधीच आलं नव्हतं. माझा ऊर भरून आला. मग मॅडमनी आम्हाला विचारायला सुरुवात केली.

"स्वतःच्या हाताने जेवते?"

बायकोनं तोंड उघडलं. मी टेबलाखाली तिचा हात दाबला.

"हो मॅडम, जेवते."

"शी-शू सांगते?"

"हो, सांगते."

"कपडे घालते?"

"हो."

"एकटी घराबाहेर जाते?"

"हो मॅडम. शेजाऱ्यांच्या चपला लावून येते."

यातलं एकही उत्तर पूर्ण खोटं नव्हतं. आठवड्यातून एखाद्या दिवशी ती जेवायची, एखाद्या दिवशी सांगायची. मी ते एखादे दिवस वेचून मॅडमपुढे ठेवत होतो. शेवटी त्यांनी मान वर केली. "तुम्हाला काही विशेष अडचण?"

त्या तसं विचारायला बांधील नव्हत्या. मागे एवढी रांग होती, तरी त्यांनी विचारलं. शेजारी माझी बायको बसली होती. सकाळपासून उभी राहून तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"नाही मॅडम," मी म्हणालो. "सगळं व्यवस्थित आहे. थँक यू मॅडम."

आबा दारातून ऐकत होते. बाहेर आल्यावर त्यांनी बायच्या पाठीवर थाप मारली आणि चिक्कीचं आख्खं पाकीट तिच्या हातात दिलं. आम्ही फाटकाबाहेर रिक्षापर्यंत आलो. तिथे बायनं अंग टाकलं. नवा फ्रॉक, पॉलिश केलेले बूट, सगळ्यासकट ती रस्त्यावर पसरली आणि मनगट चावायला लागली. मी बाजूला होऊन रिक्षावाल्याला थांब म्हणत होतो, तेवढ्यात बायकोनं तिला उचललंही.

प्रमाणपत्र काही आठवड्यांनी मोबाइलवर आलं. मी प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धूत होतो. हात पुसून उघडलं. पंचवीस टक्के.

हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो. पहिल्या क्षणी मला बरं वाटलं. फक्त पंचवीस. म्हणजे पंचाहत्तर टक्के माझी मुलगी चांगली आहे. नळ तसाच चालू होता. मग पुढचं लक्षात आलं.

संध्याकाळी बायको तव्यापाशी होती. मी सांगितलं. तिनं भाकरी उलटली.

"मग झाली की पोरगी पास," ती म्हणाली.

मी फोन तिच्यापुढे धरला.

"आता माजं आपरेशन कोन करनार? आबा?"

विशेष शाळेच्या बाईंना भेटलो, पुन्हा भेटलो. त्या म्हणाल्या, मला मुलगी दिसतेय हो, पण कागदावर ती दिसत नाही. दिवाळीनंतरची जागा दुसऱ्या मुलाला गेली. मी फेरतपासणीचा अर्ज केला. बोलावणं यायला पावसाळा उजाडला.

मधल्या काळात बायकोनं गोळ्यांवर दिवस काढले. त्यातल्या एका सकाळी बायला आंघोळ घालताना तिला चक्कर आली आणि ती न्हाणीत पडली. शेजारणीनं पाण्याचा आवाज ऐकून दार ढकललं. ओली बाय उघडीच बाहेर येऊन आईच्या चपला आत घेऊन गेली होती आणि तिनं त्या आईच्या पायांपाशी नीट जोडीनं लावून ठेवल्या होत्या. शेजारीण सांगताना रडली. बायको रडली नाही. दवाखान्यातल्या खाटेवर मला एवढंच म्हणाली, "पुढच्या खेपेला तुमी बोलायचं न्हाई."

फेरतपासणीच्या आदल्या दिवशी मी म्हणालो, "बायला उद्या काही बोलू नको असं सांगूया का?"

"न्हाई," ती म्हणाली. "पोरीला येतंय ते येऊ द्या. ते काय तिनं चोरलंय? मी फकस्त खरं सांगनार. आबांना बोलवू नगा."

या वेळी एक वयस्क डॉक्टर होते आणि त्यांच्यासोबत आणखी दोन जण. बायनं नमस्कार केला, नाव सांगितलं, बोटं मोजली. प्रत्येक उत्तरानंतर ती माझ्याकडे बघत होती. मग डॉक्टर बायकोकडे वळले. मी हात मांडीखाली दाबून बसलो.

बायको जशी घरी बोलते तशीच बोलली. "जेवाया येत न्हाई. चार घास खाती, मग ताट सांडती. शी सांगाया येत न्हाई. कदी सांगती, लय येळा न्हाई सांगत. आंगुळ येत न्हाई. केस इंचराया येत न्हाई. रस्ता वळखाया येत न्हाई, एकदा दोन तासांनी घावली."

"अजून?" डॉक्टर विचारत होते. लिहून घेत होते. त्यांचा आवाज वाईट नव्हता. त्यांना कागदावर पुरेसं हवं होतं, एवढंच. "अजून काय येत नाही?"

आणि बायको सांगत होती. बायच्या मनगटावरचे चावल्याचे व्रण तिनं बाही वर करून दाखवले. दहा वर्षांचं सगळं तिनं त्या टेबलावर ठेवलं. बाय आमच्या दोघांच्या मध्ये बसून ऐकत होती. पहिल्यांदा ती हसत होती. मग आईच्या ओठांकडे बघायला लागली, जशी ती तयारी घेताना आबांच्या ओठांकडे बघायची. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

बाहेर आल्यावर माझ्या खिशात चिक्की होती. सवयीनं मी तिच्या हातात दिली.

या वेळी पन्नास टक्के मिळाले. शाळेत जागा मिळाली. बायकोचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाल्या, फार उशीर केलात, पण निभावलं. ज्यांनी ज्यांनी केलं त्या सगळ्यांचा मी आभारी आहे, आणि हे मी मनापासून म्हणतो.

सहा आठवड्यांनी मी बायला काही दिवसांसाठी घरी आणलं. आबा गावाहून भेटायला आले होते. येताना त्यांनी चिक्की आणली होती. बायको खाटेवर उशीला टेकून बसली होती. बाय दारातून आत आली, आईला बघून हसली, आबांना बघून तिनं आपणहून भिंतीला पाठ लावली आणि टाचा जुळवल्या. आबा खूश झाले.

"शाब्बास! नाव काय?"

बायनं मान ताठ केली. "येत न्हाई."

आबांना वाटलं ऐकू गेलं नसेल. "आगं, नाव, नाव काय तुजं?"

"येत न्हाई."

"हाताला बोटं किती?"

"येत न्हाई," बाय मोठ्यानं, स्पष्ट म्हणाली. इतकं स्पष्ट ती आजवर काहीच बोलली नव्हती.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. बायकोनं तोंड भिंतीकडे फिरवलं. आणि बायनं चिक्कीसाठी हात पुढे केला. उत्तर बरोबर आलं आहे याची तिला खात्री होती.